हुकूम किती सांगावा?

१३ मे १९४० च्या दुपारी सेदानजवळ म्यूज नदीच्या काठावर जर्मन दहाव्या पान्झर डिव्हिजनचे लोक रबरी होड्या पाण्यात लोटू लागले. पलीकडच्या फ्रेंच तोफांनी त्यातल्या बहुतेक होड्या काठावरच फोडल्या. वाल्टर रुबार्थ नावाचा एक फेल्डवेबेल, म्हणजे अधिकारीही नसलेला तुकडीनायक, मूठभर पायोनियर घेऊन कसाबसा पैलतीरी पोचला. होडी बुडायला लागली म्हणून खंदक खणायची हत्यारं त्याने नदीत टाकून दिली होती. पैलतीरावर त्याला पुढे काय करायचं ते सांगणारं कुणी नव्हतं. त्याने समोरचा बंकर घेतला, मग त्याच्या शेजारचा, मग मागच्या रांगेतले. संध्याकाळपर्यंत त्या भागात मागच्या फौजेला शिरायला वाट झाली होती.

त्याच रात्री फ्रेंचांच्या ५५ व्या डिव्हिजनचे जनरल लाफोंतेन प्रतिहल्ल्याच्या तयारीत होते. पायदळ हाताशी होतं, रणगाड्यांची बटालियन दिलेली होती. पण वरून नक्की आदेश येण्यात, तो खाली पोचण्यात आणि सगळ्यांचा मेळ बसण्यात रात्र सरली. प्रतिहल्ला निघाला तो १४ तारखेच्या सकाळी. तोवर जर्मनांचा पूल उभा राहिला होता आणि त्यांचे रणगाडे नदी ओलांडत होते. फ्रान्सकडे रणगाडे कमी नव्हते आणि त्यांचे सैनिक भित्रेही नव्हते. पण फ्रेंच पद्धतीत लढाई वरून, टप्प्याटप्प्याने, वेळापत्रकाप्रमाणे चालवायची होती. सरसेनापती गामलँ यांच्या व्हँसेनच्या मुख्यालयात तर रेडिओसुद्धा नव्हता.

वरच्याने खालच्याला हुकूम द्यायचा तो कसा, किती आणि कुठवर, हा प्रश्न सैन्याइतकाच जुना आहे. जर्मन लोक ज्या पद्धतीला आउफट्राग्सटाक्टिक म्हणतात आणि आज जगभरच्या लष्करांत जिचं नाव ‘मिशन कमांड’ असं घेतलं जातं, तिच्याबद्दल खूप लिहिलं गेलं आहे. त्यातलं बरंचसं सेदानच्या विजयाने दिपून लिहिलेलं आहे. माझं म्हणणं असं, की खालच्याला मोकळीक देणं हा या पद्धतीचा सर्वांत सोपा भाग आहे. ती मोकळीक पेलेल असा माणूस वर्षानुवर्षं घडवणं आणि तो चुकला तर ती चूक वरच्याने अंगावर घेणं, हे दोन भाग अवघड आहेत आणि उसनं घेताना लष्करं नेमके तेच मागे ठेवतात.

प्रशियाला हे शहाणपण मार खाऊन आलं. १४ ऑक्टोबर १८०६ ला येना आणि आउअरश्टेट इथे फ्रेडरिक द ग्रेटचा वारसा सांगणारी फौज नेपोलियनपुढे एका दिवसात मोडली. आउअरश्टेटला नेपोलियन स्वतः नव्हताही. मार्शल दाव्हू एकटी कोअर घेऊन आपल्या दुपटीहून मोठ्या सैन्यासमोर स्वतःच्या अकलेवर लढला. प्रशियाचा सेनापती ड्यूक ऑफ ब्रन्सविक जखमी होऊन पडला आणि त्याच्यानंतर हुकूम कुणी द्यायचा हेच ठरेना. राखीव फौज असूनही ती लढाईत नीट उतरली नाही. शार्नहोर्स्ट, ग्नायझेनाऊ आणि त्यांचा तरुण सहकारी क्लाउझेवित्स यांनी यातून काढलेला धडा असा, की सेनापतीची प्रतिभा नशिबावर सोडता येत नाही. सरासरी बुद्धीच्या अधिकाऱ्यांनाही एकाच रीतीने विचार करायला शिकवलं, तर ते एकमेकांपासून दूर असतानाही जुळणारे निर्णय घेतील. त्यासाठी १८१० मध्ये बर्लिनला युद्धशाळा निघाली. १८२४ पासून नकाशावरचे युद्धखेळ सैन्यात रुळू लागले. त्यात तरुण अधिकाऱ्यांपुढे मुद्दाम अशी गणितं टाकली जात, की हातातला हुकूम पाळला तर उत्तर चुकावं.

हेल्मुथ फोन मोल्टके १८५७ मध्ये जनरल स्टाफचा प्रमुख झाला तेव्हा ही जमीन नांगरून तयार होती. त्याच्यापुढची अडचण आकाराची होती. रेल्वेने लाखोंची सैन्यं सरहद्दीवर आणता येत होती, पण एकदा डब्यांतून उतरली की ती शेकडो किलोमीटरवर पसरत आणि तारयंत्र मुख्यालयांपलीकडे फारसं जात नसे. १८६६ च्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात त्याने तीन सैन्यं वेगवेगळ्या वाटांनी बोहेमियात सोडली आणि ३ जुलैला क्योनिगग्रेट्सच्या रणांगणावर एकत्र आणली. घोड्यावरून चिठ्ठी जाईपर्यंत परिस्थिती बदललेली असायची. म्हणून १८६९ च्या त्याच्या सूचनांत एक साधी कसोटी दिलेली आहे : खालच्याला स्वतः ठरवता येणार नाही तेवढंच हुकमात लिहा. बाकीचं त्याच्यावर सोपवा.

ही कसोटी प्रत्यक्षात कशी दिसते ते सांगतो. एका बटालियनला सांगितलं, ‘उद्या सकाळी सहा वाजता डाव्या बगलेने अमुक टेकडीवर हल्ला करून ती घ्या.’ दुसऱ्या बटालियनला सांगितलं, ‘उत्तरेला आपली डिव्हिजन उद्या दुपारी नदी ओलांडणार आहे. तोवर शत्रूला या रस्त्याने कुमक आणता येता कामा नये. ते तुम्ही पाहा. ती टेकडी उपयोगी पडावी.’ रात्रीतून शत्रूने टेकडी सोडली आणि तो दोन किलोमीटरवरच्या दुसऱ्या रस्त्याने निघाला, तर पहिली बटालियन रिकामी टेकडी घेऊन काम फत्ते झाल्याचं कळवेल. दुसरी टेकडी सोडून रस्त्यावर धावेल. दोन्ही हुकमांत शब्द जवळपास तेवढेच आहेत. दुसऱ्यात कारण सांगितलेलं आहे, तेही आपल्या दोन पायऱ्या वरच्या सेनापतीला काय साधायचं आहे ते. मात्र काही गोष्टी दुसऱ्या हुकमातही घट्ट बांधलेल्याच असतात : तोफा कधी आणि कुठे डागणार, दोन तुकड्यांमधली हद्द कोणती, पूल कुणी आधी ओलांडायचा. तिथे मोकळीक दिली तर आपलीच माणसं आपल्याच गोळ्यांनी मरतात. मोकळीक असते ती ‘कसं’ याला, ‘काय’ आणि ‘कशासाठी’ यांना नसते.

१८७० च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात या पद्धतीचं तेज आणि तिची किंमत एकाच दिवशी दिसली. ६ ऑगस्टला श्पिखरेनच्या उंचवट्यापाशी जनरल कामेके याच्या डिव्हिजनने समोर किती फौज आहे याचा नीट अंदाज न घेता हल्ला चढवला. मोल्टकेच्या योजनेत तिथे, त्या दिवशी लढाई नव्हतीच. ज्याच्या सैन्यात कामेके होता तो म्हातारा श्टाइनमेट्स आधीच योजनेबाहेर भरकटलेला होता. कामेकेची डिव्हिजन चिरडली जायची. पण तोफांचा आवाज ऐकून आसपासच्या जर्मन तुकड्या कुणाच्याही हुकमाची वाट न पाहता त्या दिशेने चालू लागल्या. पलीकडे फ्रेंच जनरल फ्रोसार मदत मागत होता. मार्शल बाझेनच्या डिव्हिजन काही तासांच्या चालीवर होत्या, तोफा त्यांनाही ऐकू येत होत्या. त्या वेळेत पोचल्या नाहीत. संध्याकाळी फ्रोसारने माघार घेतली. जर्मनांचे सुमारे ५,००० लोक ठार आणि जखमी झाले.

मोल्टकेने कामेकेला फासावर चढवलं नाही की त्याला बाजूला सारलं नाही. झालेल्या लढाईभोवती त्याने आपली योजना पुन्हा बांधली. महिन्याभराने श्टाइनमेट्सला मात्र सैन्याच्या प्रमुखपदावरून हलवलं गेलं. मला हा भेद फार मोलाचा वाटतो. उद्देश धरून पुढे गेलेल्याची चूक पोटात घालायची आणि उद्देशच झुगारणाऱ्याला दूर करायचं, हे ज्या सेनापतीला जमतं त्यालाच मोकळे हुकूम देता येतात. दहा दिवसांनी, १६ ऑगस्टला, मार्स-ला-तूरपाशी प्रशियाच्या जनरल आल्वेन्सलेबेनने एका कोअरनिशी बाझेनच्या संपूर्ण सैन्याची वाट अडवली. श्पिखरेननंतर शिक्षांचा सपाटा लागला असता तर असं धाडस करायला तो धजला असता का?

समुद्रावर हे नेल्सनने प्रशियाच्या आधीच करून दाखवलं होतं. १८०५ मध्ये ट्रफाल्गरच्या आधी त्याने कप्तानांना जेवायला बोलावून योजना समजावली आणि लेखी टिपणात शेवटी सांगून टाकलं, की खुणेची निशाणं दिसली नाहीत तर आपलं जहाज शत्रूच्या जहाजाला भिडवणारा कप्तान फारसा चुकणार नाही. पण ते नेल्सनचं होतं. त्याच्यामागे ब्रिटिश नौदलाने ते टिकवलं नाही.

प्रशियाने संस्था उभी केली, तरी तीही चुकलीच. सप्टेंबर १९१४ मध्ये जनरल स्टाफचा प्रमुख, मोल्टकेचा पुतण्या धाकटा मोल्टके, लक्झेंबर्गच्या मुख्यालयात बसून होता आणि पॅरिसच्या दारात पोचलेल्या क्लुक आणि ब्यूलो या दोन सेनापतींमध्ये चाळीसेक किलोमीटरची फट पडली होती. दोघंही आपापल्या परीने शहाणपणाने वागत होते, पण कोण कशासाठी लढतोय याचा धागा तुटला होता. अखेर ८ सप्टेंबरला लेफ्टनंट कर्नल हेंच याला मोटारीतून पाठवलं ते तोंडी अधिकार देऊन, आणि दुसऱ्या दिवशी त्या एका माणसाच्या शब्दाने जर्मन सैन्य मार्नवरून मागे फिरलं. खाली मोकळीक दिली म्हणून वरच्याचं काम कमी होत नाही. उलट सगळ्यांचं चित्र एक ठेवणं हे त्याचं रोजचं काम होतं, आणि धाकट्या मोल्टकेने ते सोडून दिलं होतं.

व्हर्साय तहाने जर्मन सैन्य १,००,००० वर आणलं तेव्हा त्याचा प्रमुख झेक्ट याने प्रत्येकाला वरच्या पदाचं काम शिकवायला सुरुवात केली. १९३३ च्या युद्धनियमांत ते सगळं नीट मांडलं गेलं. सेदानच्या हल्ल्याआधी तिथल्या पान्झर कोअरचा सेनापती गुडेरियन याला नवे हुकूम लिहायला वेळ नव्हता. त्याने कोब्लेंट्सच्या नकाशा-सरावातले जुनेच हुकूम तारीख-वेळ बदलून पाठवले आणि ते चालले, कारण वाचणाऱ्यांनी ती लढाई आधीच डोक्यात लढलेली होती. तरीही चारच दिवसांनी, १७ मे रोजी, त्याचे वरिष्ठ घाबरले, त्याला थांबायला सांगितलं गेलं आणि त्याने राजीनामा पुढे केला. आदर्श म्हणून सांगितल्या जाणाऱ्या सैन्यातही वरच्यांचा धीर इतकाच होता.

या सैन्याचं कौतुक करताना पुढचं वर्ष वगळणारे लेखक मला पटत नाहीत. १३ मे १९४१ ला, सोव्हिएत रशियावरच्या आक्रमणाच्या सहा आठवडे आधी, जर्मन मुख्यालयाने एक आदेश काढला : नागरिकांविरुद्ध सैनिकांनी केलेल्या गुन्ह्यांवर खटला भरणं बंधनकारक राहणार नाही, आणि संशयितांचं, गावांचं काय करायचं ते जागेवरच्या अधिकाऱ्यांनी ठरवावं. तीच विकेंद्रित रीत, तोच पुढाकार, तीच ‘उद्देश समजून घ्या’ ही अपेक्षा. फक्त उद्देश खुनाचा होता. हजारो कनिष्ठ अधिकाऱ्यांनी न सांगताही तो ओळखला आणि पुढाकार घेऊन पुरा केला. मोकळा हुकूम माणसाला विचार करायला लावतो, पण तो विचार योग्य की अयोग्य हे पाहण्याचं काम हुकमाची पद्धत करत नाही. ते कायद्याने आणि माणसाच्या सद्सद्विवेकाने करायचं असतं, आणि १९४१ मध्ये दोन्ही मोडीत निघाले होते.

आपल्याकडचा इतिहास या प्रश्नावर मुका नाही. फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीला सरनोबत प्रतापराव गुजर पडले. आदल्या वर्षी उंबराणीला त्यांनी कोंडीत सापडलेल्या आदिलशाही सरदार बहलोलखानाला सोडून दिलं होतं. मैदानावरच्या सेनापतीने स्वतःच्या अखत्यारीत घेतलेला तो निर्णय होता. खान पुन्हा स्वराज्यावर आला, तेव्हा त्याला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका असं शिवाजीमहाराजांनी रागाने कळवलं, असं बखरी सांगतात. परंपरेप्रमाणे मोजके स्वार घेऊन प्रतापराव खानाच्या फौजेवर तुटून पडले. त्या बलिदानापुढे मान झुकते. पण हुकमाच्या दृष्टीने पाहिलं तर तिथे काय झालं? जबरी शब्दांनी सेनापतीसमोरचे सगळे पर्याय मिटले. फौज जमवून, जागा निवडून लढण्याची मुभा कागदावर असेलही. मनात ती उरली नव्हती.

पंधरा वर्षांनी परिस्थितीच अशी आली की मोकळीक द्यावीच लागली. १६८९ मध्ये संभाजीमहाराजांची हत्या झाली, रायगड पडला आणि राजाराममहाराज शेकडो कोस दूर जिंजीला गेले. महाराष्ट्राचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांकडे ‘हुकुमतपन्हा’ म्हणून सोपवला गेला. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांना मोहिमेगणिक जिंजीहून हुकूम आणणं शक्यच नव्हतं. उद्देश मात्र सगळ्यांना स्वच्छ होता : मोगलांची रसद तोडायची, छावण्या जाळायच्या, जिंजीभोवतीचा वेढा पोखरत राहायचा. १६९५ मध्ये दोड्डेरीला संताजीने कासिमखानाच्या फौजेला ज्या रीतीने उपासमारीवर आणलं, तसा डाव दूर बसून कुणाला आखता आला नसता. दुसरीकडे औरंगजेबाचे सरदार बादशाही छावणीच्या मर्जीकडे डोळे लावून बसत आणि एकमेकांच्या मदतीला जायला कां-कू करत.

याची किंमतही मोठी पडली. संताजी आणि दरबार यांच्यात फाटलं, १६९६ मध्ये त्याचं सेनापतिपद गेलं आणि १६९७ मध्ये तो मारला गेला, तोही मोगलांशी झालेल्या लढाईत नव्हे. मुलूख जिंकेल त्याला सरंजाम, या सवलतीने सरदार उत्साहाने लढले खरे, पण पुढे प्रत्येकाचा उद्देश आपल्या मुलखाभोवती फिरू लागला. ‘आज्ञापत्र’ रामचंद्रपंतांचंच मानलं जातं. वतनदारांवर लगाम ठेवा असं त्यात बजावलं आहे. मोकळीक देऊन राज्य वाचवलेल्या माणसाने हे लिहावं, याचं मला नवल वाटत नाही. त्यांनी दोन्ही बाजू पाहिल्या होत्या. मराठ्यांकडे बुद्धीची आणि धाडसाची वाण कधीच नव्हती. अधिकाऱ्यांना एका पद्धतीने विचार करायला शिकवणारी शाळा मात्र उभी राहिली नाही.

स्वतंत्र भारतात वरून हात बांधल्याचं सर्वांत जळजळीत उदाहरण नामका चू नदीवरचं. सप्टेंबर १९६२ मध्ये थागला डोंगरावरून चिन्यांना हटवायचं असं दिल्लीत ठरलं. लष्करप्रमुखांनी मागितल्यावर २२ तारखेला एका सहसचिवाच्या सहीने तसा लेखी आदेशही मिळाला. सातवी ब्रिगेड नदीकाठी खोलगट भागात मांडली गेली. ती जागा लढण्याजोगी नाही हे ब्रिगेडियर जॉन दळवी आणि त्यांचे वरिष्ठ सांगत होते. कोअर कमांडर लेफ्टनंट जनरल कौल आजारी पडून दिल्लीला गेले आणि तिथूनच कारभार पाहत राहिले. २० ऑक्टोबरच्या सकाळी काही तासांत ब्रिगेड संपली. पुढच्या वाक्यावर मी ठाम आहे : तिथल्या जवानांना हरवण्याआधी त्यांच्या अधिकाऱ्यांचे हात बांधले गेले होते.

त्या पराभवानंतर, नोव्हेंबर १९६२ मध्ये, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून मुंबईहून दिल्लीला गेले. १ सप्टेंबर १९६५ ला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले तेव्हा लष्कर आणि हवाईदलाच्या प्रमुखांनी त्यांच्याकडे विमानं वापरायची परवानगी मागितली. त्यांनी ती तिथल्या तिथे दिली आणि त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली. कुठली विमानं, कुठले लक्ष्यबिंदू, हे त्यांनी विचारत बसायचं नव्हतं आणि ते विचारत बसले नाहीत.

गोव्याची मोहीम या आढाव्यात दोन्ही बाजूंनी येते. १८ डिसेंबर १९६१ ला मुख्य चढाई पूर्वेकडून मेजर जनरल कँडेथ यांच्या सतराव्या डिव्हिजनची होती. ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या पन्नासाव्या पॅरा ब्रिगेडला उत्तरेकडून, दोडामार्गाच्या बाजूने, दुय्यम काम दिलेलं होतं. वाट मोकळी सापडते आहे हे दिसताच सगत सिंग थांबले नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांचे लोक मांडवीच्या काठी होते आणि १९ ला सकाळी पणजीत. त्याच वेळी लिस्बनहून सालाझारने गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांना शरणागती नको, सैनिकांनी जिंकावं नाही तर मरावं, असं फर्मावलं होतं. ते पाळलं असतं तर तीनेक हजार पोर्तुगीज शिपाई आणि किती गोवेकर व्यर्थ मेले असते. व्हासालो इ सिल्व्हांनी १९ च्या संध्याकाळी शरणागती पत्करली. पुढे पोर्तुगालने त्यांना सैन्यातून काढून टाकलं. हुकूम मोडणाऱ्यांत मी त्यांचं नाव आदराने घेतो.

तेच सगत सिंग १९७१ मध्ये त्रिपुराकडून चौथी कोअर घेऊन निघाले. पूर्व विभागाच्या योजनेत त्यांची मजल मेघना नदीपर्यंत होती. ९ डिसेंबरला आशुगंजचा पूल पाकिस्तान्यांनी उडवला. नदी अफाट रुंद. सगत सिंगांनी ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांच्या एमआय-४ हेलिकॉप्टरांनी फौज पलीकडे उतरवायला सुरुवात केली आणि ढाक्याची वाट उघडली. समोर जनरल नियाझींचा हुकूम होता, की ७५ टक्के माणसं पडल्याशिवाय आणि दोन पायऱ्या वरच्या अधिकाऱ्याची परवानगी मिळाल्याशिवाय कुणी ठाणं सोडायचं नाही. ठाणी लढत राहिली, भारतीय सैन्य त्यांना वळसा घालून पुढे गेलं, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली.

पाश्चात्त्य लष्करांनी ही पद्धत लेखी स्वरूपात स्वीकारली ती व्हिएतनामनंतर. तिथे जंगलात लढणाऱ्या एका कंपनीच्या डोक्यावर बटालियन, ब्रिगेड आणि डिव्हिजन कमांडरांची हेलिकॉप्टरं एकावर एक घिरट्या घालत आणि तिघंही रेडिओवरून सूचना देत. १९८२ च्या अमेरिकन युद्धनियमांत आणि १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये जनरल बॅग्नल यांच्या प्रयत्नांतून कनिष्ठांच्या पुढाकाराला जागा मिळाली. २०१२ मध्ये अमेरिकन लष्कराने ‘मिशन कमांड’ची सहा तत्त्वं छापली. २०१९ मध्ये ती सात झाली आणि नव्याने आलेलं तत्त्व यादीत सर्वांत वर बसलं : कामात निष्णात असणं. सात वर्षांच्या अनुभवाने केलेली ही दुरुस्ती मला फार बोलकी वाटते. इस्रायलला ती १९५६ मध्येच कळायला हवी होती. मितला खिंडीत फक्त टेहळणीची परवानगी असताना शॅरॉनच्या पॅराट्रूपर्सची मोठी तुकडी आत शिरली आणि मोहिमेला गरज नसलेल्या लढाईत ३८ जण मेले.

आता व्हिएतनामच्या हेलिकॉप्टराची जागा पडद्याने घेतली आहे. युक्रेनच्या युद्धात ड्रोनमधून एका खंदकाचं थेट चित्र मागच्या मुख्यालयात दिसतं आणि ते पाहणाऱ्या ब्रिगेड कमांडरला एका सेक्शनला डावीकडे सरक म्हणण्याचा मोह होतो. कधी त्याने जीव वाचतात हे खरं आहे. वरून दिसणारी सुरुंगाची रेघ खालच्याला दिसत नाही. पण तेच युद्ध हेही दाखवतं, की सिग्नल जॅम झाला की चित्र आणि रेडिओ एकदम जातात, आणि रोज सांगून घेण्याची सवय लागलेली तुकडी तिथल्या तिथे थिजते.

आपल्या लष्करातले निवृत्त अधिकारी ‘झीरो एरर’च्या रोगाबद्दल वर्षानुवर्षं लिहीत आले आहेत : वार्षिक गोपनीय अहवालातल्या एका कमी गुणाने बढती हुकते, म्हणून कुणी धोका पत्करत नाही, आणि खालच्याची चूक आपल्या अहवालावर येईल म्हणून वरचा त्याला हलू देत नाही. लडाखच्या उंचीवर, जिथे दोन ठाण्यांमध्ये एक डोंगर आडवा असतो, तिथे ही सवय परवडणारी नाही. माझ्या मते सुरुवात सरावांपासून व्हावी. दर मोठ्या सरावात दुसऱ्या दिवशी संपर्क तोडावा, कंपनी कमांडरच्या हातातला हुकूम शिळा होईल अशी परिस्थिती पंचांनी उभी करावी आणि त्याने काय केलं याइतकंच का केलं हे विचारावं. कारण पटण्याजोगं असेल, तर हल्ला फसला तरी अहवालात त्याचे गुण वाढावेत. आणि ते वाढवणाऱ्या ब्रिगेडियरचेही.